लिंबाची साल, गवती चहा आणि थंडगार सोडा: घरचा लिंबू सोडा असा करा

उन्हाळा लागला की आमच्याकडे बाटल्या भरायला सुरुवात होते, कोकम असतं, पन्हं असतं, वाळ्याचं पाणी असतं, पण दुपारी चारला बाहेरून तापून आलेल्या माणसाला विचारा काय देऊ, तर दहातले आठ जण म्हणतात लिंबू सोडा. आणि घरी केलेला लिंबू सोडा बऱ्याचदा आंबट-गोड पाणी लागतो, त्याला तो वास नसतो, दुसऱ्या घोटाला गॅस गेलेला असतो. मी गेली सहा-सात वर्षं दर उन्हाळ्यात हा करतेय आणि आता तो इतका छान जमतो की पाहुणे ग्लास ठेवायच्या आधी परत भर म्हणतात, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय.

आधी मुद्द्याची गोष्ट. आपण लिंबू कापतो, पिळतो आणि साल टाकून देतो. पण लिंबाचा वास रसात जेमतेमच असतो, रसात असतो तो आंबटपणा. वास सगळा सालीत. खात्री करायची असेल तर एक लिंबू घ्या, नखाने सालीवर ओरखडा काढा आणि नाकाशी धरा, आणि मग नुसता पिळलेला रस वाटीत घेऊन त्याचा वास घ्या, फरक लगेच कळतो. सालीवर जे बारीक बारीक ठिपके दिसतात ना, त्या तेलाच्या पिशव्या असतात. हे तेल पाण्यात नीट मिसळत नाही, म्हणून साल नुसती पाण्यात टाकून ठेवली तर फार काही हाती लागत नाही. पण साखरेत चोळली तर साखरेचे दाणे त्या पिशव्या खरवडतात आणि तेल ओढून घेतात. रात्रभर ठेवलं की साखर ओलसर होते, जराशी पोपटी दिसायला लागते आणि डबा उघडला की अख्ख्या स्वयंपाकघरात वास. ही एकच पायरी केली आणि बाकी काही नाही केलं तरी तुमचा सोडा बदलेल, हे मी अगदी खात्रीने सांगते.

आता लिंबू कुठलं. आपलं साधं कागदी लिंबूच सगळ्यात बेस्ट. नावच कागदी, साल कागदासारखी पातळ. माझी मावशी श्रीगोंद्याची आहे, तिकडे लिंबाच्या बागा पुष्कळ, ती येताना पिशवी भरून आणते आणि ती लिंबं आणि इथली आठवडाभर दुकानात पडलेली लिंबं यांच्या सालीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली साई सरबती नावाची जात आहे, तिची लिंबं कुठे मिळाली तर जरूर घ्या, रस भरपूर असतो. बाजारात निवडताना हातात जड लागणारं, साल चकचकीत असलेलं, थोडं हिरवट-थोडं पिवळं असं लिंबू घ्यायचं. पूर्ण पिवळं झालेल्याला रस चांगला असतो पण हिरवटपणा असलेल्याच्या सालीला वास जास्त ताजा येतो, म्हणून मी दोन्ही मिक्स घेते. सुरकुतलेलं, कडक झालेलं घेऊ नका, त्याची साल चोळून काही मिळत नाही. परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सांगायचंय, तिकडच्या सुपरमार्केटातल्या लिंबांवर बरेचदा चकाकीसाठी मेणाचा थर दिलेला असतो, तर आधी गरम पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवून स्वच्छ फडक्याने खसखसून पुसायचं, नाहीतर साखरेत मेणच उतरेल.

एका बॅचला मी हे घेते: मध्यम आकाराची ८ लिंबं, २५० ग्रॅम साखर, २५० मिली पाणी, गवती चहाची ८-१० लांब पाती, आल्याचा साधारण दोन इंचाचा तुकडा, अर्धा चहाचा चमचा सैंधव मीठ. पुदिना आणि सोडा ऐनवेळी. यात सरबताचा पाक साधारण पावणेचारशे ते चारशे मिली होतो, म्हणजे एका ग्लासला ३० मिली धरले तर बारा-तेरा ग्लास आरामात.

लिंबं धुवून अगदी कोरडी पुसायची. साल आधी काढायची, रस नंतर, हे लक्षात ठेवा कारण पिळलेल्या लिंबाची साल किसता येत नाही, चुरगळते. बारीक किसणीवर हलक्या हाताने किसायचं, एका जागी दोनदाच फिरवायचं आणि लिंबू पुढे सरकवायचं. फक्त हिरवा-पिवळा थर हवाय. त्याच्या खालचा पांढरा भाग कडू असतो आणि कागदी लिंबाची साल पातळ असल्यामुळे तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. किसणी नसेल तर सरळ लिंबूच खडीसाखरेवर किंवा जाड साखरेवर घासा, जुन्या पद्धतीने करणारे असंच करतात आणि त्यात पांढरा भाग यायची भीतीच नाही. किसलेली साल आणि साखर स्टीलच्या डब्यात घालून बोटांनी तीन-चार मिनिटं चोळा, जसं आपण बेसनाला तेलाचं मोहन चोळतो तसं. झाकण लावून ठेवून द्या. चार-पाच तास पुरतात पण मी रात्री झोपताना करून ठेवते म्हणजे सकाळी तयार. राहिलेली सोललेली लिंबं डब्यात बंद करून फ्रिजमध्ये, ती लवकर सुकतात म्हणून उघडी ठेवायची नाहीत.

गवती चहा का, पुदिनाच का नाही असं मला बऱ्याच जणी विचारतात. गवती चहाच्या पातीला जो वास येतो तो मुख्यतः सिट्रल नावाच्या द्रव्याचा, आणि तेच सिट्रल लिंबाच्या सालीतही असतं. म्हणजे दोघं एकाच घरातले. लिंबाचा वास सोड्यात लवकर उडून जातो तिथे गवती चहा तो धरून ठेवल्यासारखा वाटतो, पिणाऱ्याला गवती चहा आहे हे कळतही नाही, त्याला फक्त लिंबू जास्त लिंबासारखं लागतं. माझ्या गॅलरीत एका जुन्या बादलीत लावलेला आहे, त्याला काही करावं लागत नाही, पाणी घाला आणि कापत राहा. कापताना पात्यांची धार सांभाळा, बोट कापतं.

पाती धुवून कात्रीने इंचभर तुकडे करा. खालचा पांढरट दांडा मिळाला तर तो खलबत्त्यात ठेचून घ्या, त्यात वास जास्त. आलं सालासकट ठेचा. २५० मिली पाणी उकळत ठेवा, आधी आलं टाका आणि दोन मिनिटं उकळू द्या, मग गवती चहा टाकून एक उकळी आली की लगेच गॅस बंद आणि घट्ट झाकण. इथे घाई करू नका आणि जास्तही उकळू नका. आपण चहाला जसं खळखळा उकळतो तसं उकळलं तर सगळा वास वाफेबरोबर घरात जातो, घराला छान वास येतो पण पातेल्यात गवताचं पाणी उरतं. झाकून वीस मिनिटं ठेवायचं. मग परत जरासं गरम करून, उकळी न आणता, गाळणीतून त्या साल चोळलेल्या साखरेवर ओतायचं आणि ढवळायचं. साखर दोन-तीन मिनिटांत विरघळते. मीठ याच वेळी घाला. मीठ कशाला म्हणाल तर साल कितीही जपून किसली तरी किंचित कडवटपणा येतोच आणि मीठ तो दाबतं, गोडीही जास्त गोल लागते. गार झालं की बारीक गाळणीने गाळून काचेच्या बाटलीत भरा. बाटली उकळत्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवलेली हवी. फ्रिजमध्ये हा पाक दोन आठवडे मस्त टिकतो. गाळणीत राहिलेली साल टाकू नका, तिचं शेवटी सांगते.

लिंबाचा रस या पाकात घालायचा नाही. गरम असताना तर अजिबातच नाही, शिजलेल्या लिंबाचा वास वेगळाच येतो, जुन्या लोणच्याकडे झुकणारा. आणि गार झाल्यावर घातला तरी दोन-तीन दिवसांत त्याची ताजी चव जाते. पाक तयार ठेवायचा आणि रस ऐनवेळी पिळायचा, किंवा फार तर सकाळी काढून संध्याकाळपर्यंत संपवायचा. जास्त लिंबं असतील तर रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून क्यूब डब्यात भरून ठेवा. उन्हाळ्यात लिंबं महाग होतातच, २०२२ च्या एप्रिलमध्ये तर दहा रुपयाला एक लिंबू घेतलेलं आठवत असेल सगळ्यांना, तेव्हा मी जानेवारी-फेब्रुवारीत गोठवून ठेवलेल्या रसावर महिना काढला होता. सालसुद्धा किसून साखरेत चोळून फ्रीजरला ठेवता येते.

आता सोडा. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात आणि मग म्हणतात घरी बाहेरच्यासारखा होत नाही.

पाण्यात किती गॅस राहणार हे पाणी किती थंड आहे त्यावर असतं. फ्रिजमधलं पाणी चार-पाच अंशाला असतं, त्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळून राहू शकतो त्याच्या निम्म्याहून कमी आपल्या उन्हाळ्यातल्या तीस अंशाच्या पाण्यात राहतो. म्हणजे दुकानातून आणलेली गरम बाटली उघडून त्यात बर्फ टाकला तर बर्फ वितळेपर्यंत अर्धा गॅस हवेत गेलेला असतो, वर पाणी वाढतं ते वेगळंच. सोड्याची बाटली कमीत कमी चार-पाच तास फ्रिजमध्ये, शक्य तर आदल्या रात्रीपासून. पाक थंड, रस थंड, ग्लाससुद्धा दहा मिनिटं फ्रीजरला. सगळंच थंड असेल तर बर्फ कमी लागतो आणि कमी बर्फ म्हणजे चव शेवटपर्यंत तशीच.

दुसरं म्हणजे छोटी बाटली घ्या. मोठी बाटली स्वस्त पडते हे खरंय पण ती एकदा उघडली की प्रत्येक ग्लासागणिक मंद होत जाते. जुना गोटी सोडा आठवतोय का, ज्याला अंगठ्याने दाबून फट्ट आवाज काढायचे? ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये पेटंट केली, त्यात झाकण नाहीच, आतल्या गॅसचाच दाब काचेच्या गोटीला वर ढकलून मानेतल्या रबरी रिंगेवर घट्ट बसवतो. एका बाटलीत एका माणसाचा सोडा, फोडला की लगेच प्यायचा. पुण्याच्या कॅम्पातली आर्देशीर कंपनी १८८४ पासून सोडा भरतेय, मुंबईत पालनजी १८६५ पासून, आणि आपल्याकडच्या इराणी हॉटेलांत रास्पबेरी, जिंजर, लेमन अशा लहान बाटल्याच यायच्या. त्या सोड्याला जी धार असायची ती लहान बाटलीची आणि ताज्या भरण्याची होती. तेव्हा चार माणसं असतील तर ७५० मिलीची एक आणा आणि एकदम संपवा, दोघंच असाल तर ३०० मिलीवाल्या.

बाटलीवरचं लेबल वाचायची सवय लावा. नुसतं कार्बोनेटेड पाणी असेल तर उत्तम. काही सोड्यांत सोडियमचे क्षार घातलेले असतात, ते वाईट नाहीत पण चव किंचित खारट येते, मग पाकातलं मीठ कमी करा. टॉनिक वॉटर आणू नका, त्यात क्विनीन असतं, कडू लागतं आणि साखरही असते. घरी सोडा करायचं मशीन असेल तर फारच छान, फक्त त्यात साधं थंडगार पाणीच घालून गॅस भरायचा, पाक किंवा रस मशीनच्या बाटलीत घालून गॅस सोडला तर फेस उसळून सगळं ओट्यावर येतं आणि नळी चिकट होऊन बसते.

आणि खायचा सोडा किंवा पोटाच्या तक्रारीवरची फसफसणारी पावडर लिंबूपाण्यात टाकून लिंबू सोडा होतो असे व्हिडिओ फिरत असतात, ते कृपया करू नका. फेस येतो हे खरं, पण तो फेस येतो कारण खायचा सोडा लिंबाचं आम्ल खाऊन टाकतोय. म्हणजे ज्या आंबटपणासाठी लिंबू पिळलं तोच जातो आणि मागे उरतं खारट, साबणासारखं पाणी. वर बीपीवाल्या माणसाच्या पोटात नको तेवढं सोडियम जातं.

ग्लास असा भरायचा. उंच ग्लास, तळाशी ३० मिली पाक, त्यावर एका मोठ्या लिंबाचा किंवा दीड लहान लिंबाचा रस, साधारण २० मिली. हे दोन्ही आधी चमच्याने नीट ढवळून घ्या, कारण सोडा घातल्यावर ढवळायला बंदी आहे. पुदिन्याची सात-आठ पानं तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदा जोरात टाळी वाजवा आणि ग्लासात टाका. पुदिना कुटायचा, वाटायचा, मिक्सरमधून काढायचा नाही. टाळीने पानावरच्या बारीक ग्रंथी फुटतात आणि वास सुटतो, वाटलं तर पानाच्या आतला हिरवा रस येतो आणि त्याने सोडा कडवट, गवताळ होतो, शिवाय दहा मिनिटांत काळपट दिसायला लागतो. चटणीत हे चालतं कारण तिथे मिरची आणि मीठ असतं.

मग बर्फाचे तीन-चार मोठे तुकडे. फ्रीजरमध्ये जुना झालेला, वर पांढरी भुकटी धरलेला बर्फ असेल तर पाण्याखाली पटकन धरून घ्या, खरखरीत पृष्ठभागावर बुडबुडे जास्त सुटतात आणि गॅस लवकर जातो. याच कारणाने ग्लासात वरून चाट मसाला किंवा काळं मीठ भुरभुरलं की सोडा भस्सकन वर येतो. जिरा-मसाला सोड्यावर तो फेस बघायला मजा येते, मान्य आहे, पण तो फेस म्हणजे तुमच्या घशाला मिळायचा गॅस हवेत चाललाय. काळं मीठ आवडत असेल तर तळाच्या पाकातच विरघळवून टाका.

आता ग्लास तिरका धरून कडेने हळूहळू १५० ते १८० मिली सोडा सोडा. शेवटी लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला, गोल गोल फिरवू नका. पाक जड असतो, तो वर येताना आपोआप मिसळतो. लगेच प्यायला द्या. सगळ्यांचे ग्लास तळाचा पाक, रस, पुदिना घालून तयार ठेवले आणि पाहुणे बसल्यावर सोडा ओतला तर वीस माणसांनाही पाच मिनिटांत देता येतो, आमच्याकडे हळदीकुंकवाला मी असंच करते.

साखरेचं सांगायचं तर लपवाछपवी नको, ३० मिली पाकात साधारण १९ ग्रॅम साखर जाते, म्हणजे चहाचे साडेचार-पावणेपाच चमचे. बाटलीबंद कोल्ड्रिंकच्या तेवढ्याच ग्लासापेक्षा कमी आहे पण साखर आहेच, नाही असं नाही. मी स्वतः २० मिलीच घेते आणि सालीचा वास असल्यामुळे गोडी कमी असली तरी अडत नाही. आमच्या घरी ज्यांना डायबेटिस आहे त्यांच्यासाठी मी साखरच वापरत नाही, गवती चहा-आल्याचं पाणी गार करून, त्यात लिंबाची साल किसून तासभर झाकून ठेवते, गाळून मीठ घालते आणि लिंबू पिळून वर सोडा. तो तिखट-आंबट-खारा लागतो आणि घामाच्या दिवशी मला तर तोच जास्त आवडतो. गूळ घालून बघितलाय, पण गुळाचा स्वतःचा वास इतका जोरात असतो की लिंबाची साल त्याखाली हरवते. गूळ पन्ह्यातच शोभतो.

थोडे बदल करायचे असतील तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मृग बहाराची नागपुरी संत्री असतात, तेव्हा चार लिंबं आणि दोन संत्र्यांची साल असं चोळून बघा. संत्र्याची साल सैल असते, फळ दाबून धरून किसायला लागते, पण रंग इतका सुंदर येतो. फक्त संत्र्याचा रस पुरेसा आंबट नसतो, लिंबू पाहिजेच. मोसंबीला मात्र जरा जपून, तिचा रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि तासाभरात कडू व्हायला लागतो, रसवंतीतला मोसंबी ज्यूस लगेच प्या म्हणतात ते उगाच नाही, त्यातलं एक द्रव्य आम्लामध्ये हळूहळू कडू रूप घेतं. तेव्हा मोसंबी वापरलीत तर ग्लासातच पिळा. कोकणात किंवा गोव्यात कोणाकडे ईडलिंबू असेल तर त्याची साल मागून आणा, आपण त्याचं लोणचं घालतो पण साखरेत चोळलेल्या त्याच्या सालीचा वास मी शब्दांत सांगू शकत नाही. आणि दारात लिंबाचं झाड असेल तर दोन कोवळी पानं गवती चहाबरोबर टाकायला विसरू नका. तुळशीची पानंही चालतात पण तीन-चारच, काळी तुळस तर फार उग्र, लवंगेसारखी चढते आणि मग सोडा काढ्यासारखा लागतो. सब्जा आवडत असेल तर एक चमचा सब्जा अर्धा कप पाण्यात वीस मिनिटं फुलवून, निथळून, थंड करून घाला, तो सोड्यात वर-खाली तरंगतो आणि मुलांना ते बघायला फार आवडतं.

ज्यांना सोडा विकत आणायचाच नाही त्यांच्यासाठी अजून एक रस्ता आहे, वेळ लागतो पण फार समाधान देतो. सोडा पहिल्यांदा तयार झाला तोच मुळी आंबवण्याच्या गॅसवर, १७६७ मध्ये लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली नावाच्या माणसाने बिअरच्या आंबणाऱ्या पिंपावर पाण्याचं भांडं धरलं आणि त्या पाण्यात गॅस उतरला. आपण तेच घरी करू शकतो, आल्याच्या सालीवर जे यीस्ट असतं त्याच्याकडून. इंटरनेटवर याला जिंजर बग म्हणतात, मी त्याला आल्याचं विरजण म्हणते.

काचेच्या बरणीत उकळून गार केलेलं अर्धा लिटर पाणी, त्यात सालासकट किसलेलं एक मोठा चमचा आलं आणि एक मोठा चमचा साखर. वर फडकं बांधा. रोज तेवढंच आलं आणि तेवढीच साखर घालून ढवळा. थंडीत पाच-सहा दिवस लागतात, मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात तिसऱ्या दिवशीच बुडबुडे आणि ताकासारखा आंबूस वास यायला लागतो. वर बुरशी दिसली तर मोह न ठेवता सगळं टाकून द्या आणि दुसरं आलं आणा. मग एक लिटर गवती चहा आणि लिंबाच्या सालीचं गाळलेलं पाणी, त्यात ८० ग्रॅम साखर, कोमट झालं की ६० मिली लिंबाचा रस आणि गाळलेलं विरजण साधारण अर्धी वाटी. कोमट म्हणजे बोट घालून काहीच वाटू नये इतकं, गरम असेल तर यीस्ट मरतं.

हे कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीतच भरा, वर दोन इंच जागा सोडून. काचेच्या बाटलीत भरू नका, ही गोष्ट मी हात जोडून सांगते. पहिल्या वर्षी मी एका छान दिसणाऱ्या काचेच्या बाटलीत भरून कपाटात ठेवलं आणि तिसऱ्या रात्री ती फुटली, काचा भिंतीत रुतल्या होत्या, नशिबाने स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. प्लॅस्टिकच्या बाटलीचा फायदा असा की दाब हाताला कळतो. बाहेर एक-दोन दिवस ठेवा, सकाळ-संध्याकाळ दाबून बघा, दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. थंडीने यीस्ट सुस्त होतं आणि गॅस पाण्यात मुरतो. उघडताना सिंकवर धरून झाकण अगदी थोडं थोडं सैल करायचं. तीन-चार दिवसांत संपवा. यात नावापुरता का होईना अल्कोहोल तयार होतो, तेव्हा जे अजिबात घेत नाहीत त्यांना आणि लहान मुलांना, गरोदर बायकांना हा न देता पहिल्या पद्धतीचा द्या, आणि पाहुण्यांना देताना आधी सांगा.

आणि ती गाळणीत राहिलेली साल. ती साखरेत मुरलेली असते, ताटात पसरून पंख्याखाली दोन दिवस वाळवली की कुरकुरीत होते. डबीत भरून ठेवा, कोरा चहा करताना कप भरल्यावर चिमूटभर वर टाकायची, नाहीतर रव्याच्या केकच्या पिठात. आमच्याकडे मात्र ती वाळेपर्यंत टिकतच नाही, येता-जाता ताटातून उचलूनच संपते, म्हणून हल्ली मी ताट फ्रिजच्या वर ठेवते.